मोडण्यासाठीच बसवलेली पिन

मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील केटी या उपनगरात शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांचे समारंभ सुरू असतात, आणि ज्या घरी समारंभ त्या घरी आदल्या रात्रीपासून परसदारी स्मोकरवर, म्हणजे धुरावर मांस मंद शिजवण्याच्या भट्टीवर, ब्रिस्केट (गाईच्या छातीकडील मांसाचा मोठा तुकडा) चढवलेले असते. अशाच एका शनिवारी पहाटे 4 वाजून 20 मिनिटांनी माझा फोन वाजला. बोलणारे गृहस्थ सत्तरीचे आणि एरवी अत्यंत शांत स्वभावाचे. "विस्तव गेला आहे. दुपारी दोन वाजता साठ माणसे जेवायला येणार आहेत," एवढेच ते म्हणाले. सोळा दिवसांपूर्वी मीच त्यांचा स्मोकर दुरुस्त करून दिला होता, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

ज्यांनी पेलेट स्मोकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 1970च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, घरे तापवू लागले, आणि पुढच्या दशकात ओरेगन राज्यातील माउंट एंजल या गावच्या जो ट्रेगर यांनी तेच इंधन मांस शिजवण्याच्या भट्टीला लावले. एका बाजूच्या पेटीत, म्हणजे हॉपरमध्ये, सुमारे 6 मिलिमीटर जाडीच्या गोळ्या भरायच्या. पेटीच्या तळाशी असलेला लोखंडी स्क्रू, ज्याला ऑगर म्हणतात, मिनिटाला दोन-तीन फेरे घेत त्या गोळ्या भट्टीच्या मध्यभागी असलेल्या वाडग्याएवढ्या फायरपॉटमध्ये ढकलतो, पंखा हवा पुरवतो आणि कंट्रोलर तापमान पाहून ऑगरला चालू-बंद करतो. मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये अकरा हंगाम फिटर होतो. चिपाड बॉयलरकडे नेणारी यंत्रणा आणि हे खेळण्याएवढे यंत्र यांच्यात आकाराचा फरक सोडला तर फारसा फरक नाही, असे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मात्र हे वाक्य मलाच लागू पडले.

मी पोहोचलो तेव्हा भट्टीचे तापमान 225 फॅरनहाइटवरून, म्हणजे सुमारे 107 सेल्सियसवरून, 118 फॅरनहाइटपर्यंत उतरले होते. ब्रिस्केट चौदा पौंडांचे होते आणि रात्री नऊ वाजता चढवलेले होते. मांसात खुपसलेली सुई 151 दाखवत होती, म्हणजे 140च्या खाली जाऊन धोका निर्माण होण्याआधी हाताशी थोडा वेळ होता. मी त्यांना ते कागदात गुंडाळून घरातील ओव्हनमध्ये 225वर ठेवायला सांगितले. तोवर मांसाने घ्यायचा तेवढा धूर घेतलेला होता आणि उरले होते ते केवळ उष्णतेचे काम. त्यांना हा उपाय मुळीच आवडला नाही. टेक्सासमध्ये ब्रिस्केट ओव्हनमध्ये संपवणे म्हणजे आपल्याकडे पुरणपोळी विकत आणून नैवेद्याला ठेवण्यासारखे आहे. परंतु त्यांनी ते केले.

आता यंत्राकडे वळलो. विस्तव गेला की मी पहिल्यांदा जाळी व खालचा पत्रा काढून फायरपॉट पाहतो, कारण निम्मे निदान तिथेच होते. पॉट न जळलेल्या गोळ्यांनी शिगोशीग भरलेला असेल तर पुरवठा ठीक आहे आणि दोष पेटण्यात, राखेत किंवा पंख्यात आहे. अशा वेळी न उपसता पुन्हा पेटवण्याची घाई केली तर साचलेला धूर भडकून झाकण उडू शकते. पॉट रिकामा असेल तर गोळ्याच येत नाहीत. इथे तळाशी चिमूटभर राख होती आणि बाकी काही नव्हते.

हॉपरच्या खालची पाटी काढून बॅटरीच्या उजेडात मोटर पाहिली. मोटरच्या मागचा छोटा पंखा नीट फिरत होता, पण गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा जागचा हलत नव्हता. पिन मोडली असती तर दांडा फिरला असता आणि ऑगर थांबला असता. दांडाच थांबला, याचा अर्थ गिअरचे दाते गेले. तसे होऊ नये म्हणून तर दांडा आणि ऑगर यांच्यामध्ये शिअर पिन असते. अडकले की मोटरऐवजी तिने मोडायचे, एवढेच तिचे काम. मी बोटाने चाचपले तर पिनच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट, नट आवळून बसवलेला.

"माझ्या मुलाने मंगळवारी बसवला," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही घातलेली पिन पुन्हा मोडली होती. तो म्हणाला, आता हिची कटकट नको."

मुलावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. सोळा दिवसांपूर्वी, भर दुपारी चार वाजता, मी मोडलेली पिन बदलली होती, हॉपरच्या तळाचा भुसा झाडून काढला होता आणि गोळ्या हलक्या प्रतीच्या आहेत असा शेरा मारून निघून गेलो होतो. त्यांनी माझ्या शब्दावर महागड्या गोळ्यांच्या दोन पिशव्या आणल्या होत्या. भुसा कशामुळे झाला, हे मी विचारले नव्हते. या गोळ्यांत डिंक किंवा गोंद नसतो. दाबताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हा घटक मऊ होऊन तोच त्यांना बांधून ठेवतो. चांगली गोळी चकचकीत असते आणि कट्कन मोडते. पाणी लागले की ती फुगून भुसभुशीत होते आणि तो ओला भुसा ऑगरच्या नळीत दाबला जाऊन वाळला की सिमेंटसारखा बसतो. ओल्या चिपाडाने शूट, म्हणजे चिपाड बॉयलरमध्ये सोडणारी घसरण, तुंबल्यावर आम्ही कारखान्यात आधी ओल कुठून आली ते शोधत असू, आणि इथे मी गोळ्यांच्या पिशवीला दोष देऊन मोकळा झालो होतो.

हॉपर रिकामा करून, मोटर सोडवून मी ऑगरचे टोक पाइप पान्यात धरले आणि उलटा फिरवू लागलो. तो हलेना. जमिनीवर आडवा होऊन, खांदा हॉपरच्या पायाला टेकवून जोर लावत होतो, तेवढ्यात फस्स असा आवाज झाला आणि पाठीवर गार पाण्याचा फटकारा बसला. पाच वाजायला पंधरा मिनिटे कमी होती. हिरवळीतला स्प्रिंकलर वेळेवर सुरू झाला होता.

मी उठलो नाही. भिजतच बॅटरी वर धरून पाहत राहिलो. पाणी हॉपरच्या झाकणावर पडत होते, उतारावरून मागच्या बिजागरीकडे जात होते आणि तिथल्या फटीतून आतल्या मागच्या भिंतीवरून बारीक ओघळ खाली उतरत होता. नऊ मिनिटांनी स्प्रिंकलर बंद झाला. दुपारी चारच्या उन्हात यातले काहीही दिसले नसते.

"स्मोकर पहिल्यापासून इथेच आहे का?" हा प्रश्न मी सोळा दिवस उशिरा विचारला. एप्रिलमध्ये फरशी नवीन बसवली तेव्हा तो चार फूट हिरवळीकडे सरकवला होता, आणि त्याचे आच्छादन हिवाळ्यातच फाटले होते.

पुढचे काम कष्टाचे होते, पण अवघड नव्हते. फायरपॉटच्या बाजूने लाकडी दांडक्याने ठोकत आणि मागून पाना फिरवत तासाभराने ऑगर बाहेर आला. त्याच्या पात्यांमधला भुसा पेचकसाने खपल्या-खपल्यांनी काढावा लागला. गृहस्थांच्या पत्नींनी आपला केस वाळवण्याचा ड्रायर दिला, त्याने नळी कोरडी केली. गाडीत एका भंगारात गेलेल्या स्मोकरची त्याच मापाची मोटर होती, ती बसवली, आणि मऊ धातूची नवी पिन घातली. मुलगा आठ वाजता झोपेतून उठून आला, तेव्हा त्याच्या हातात दोन जादा पिना दिल्या आणि मोडल्यास मला आधी फोन करायला सांगितले. तोवर भट्टी नव्या पिशवीतील गोळ्यांवर 225ला स्थिर झाली होती.

आम्ही तिघांनी मिळून स्मोकर पुन्हा भिंतीकडे सरकवला. ब्रिस्केट साडेदहाच्या सुमारास 203ला पोहोचले, म्हणजे पूर्ण शिजले, असे त्यांनी नंतर फोनवर सांगितले. बिलातून मी त्या दोन पिशव्यांची किंमत वजा केली होती. त्यांनी वजाबाकी वाचली, काही न बोलता धनादेश लिहिला आणि मी गोमांस खात नाही हे लक्षात ठेवून पिकन पाय या गोड पदार्थाचा अर्धा भाग कागदात बांधून दिला. तो मी ओल्या शर्टानिशी गाडीतच बसून खाल्ला.