चुन्याने आखलेलं घर

शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेचा जादा तास घेणारे आमचे सर पेशाने आर्किटेक्ट होते. निसर्गचित्रं काढायला मिळतील म्हणून आम्ही आठवी-नववीची मुलं गेलो, तर त्यांनी मैदानावर चुन्याने पाच मीटर बाय सात मीटरचं घर आखायला लावलं. "यात सहा माणसं बसवा." आजी कुठे निजणार, सायकल कुठे लावायची, दहावीतली ताई अभ्यास कुठे करणार? खाटा आखता आखता मोरीला जागाच उरेना.

आपल्या इंदूरच्या अरण्य वसाहतीतला सगळ्यांत लहान प्लॉट साधारण एवढाच, 35 चौरस मीटरचा. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली ही वसाहत 1989ची. सुमारे 85 हेक्टर जमीन आणि साडेसहा हजार घरांची योजना. गरिबाला आख्खं घर एकदम परवडत नाही. म्हणून जोतं, संडास-न्हाणी, फार तर एक खोली द्यायची आणि पुढचं त्याने हातात पैसा येईल तसं वाढवायचं. ते कसं वाढेल हे लोकांना दिसावं म्हणून 80 नमुना घरं बांधली होती.

सर आम्हाला तिथे घेऊन गेले. टेप पिशवीतच ठेवायला सांगितला; आधी माणसांशी बोला. एक मावशी ओटल्यावर गहू निवडत होत्या. सर त्यांच्या शेजारी टेकले आणि जिना बाहेरून का, ते आम्हाला विचारायला लावलं. मावशींनी हिशेबच मांडला: वरची खोली भाड्याने दिली की हप्ता निघतो, आणि भाडेकरू घरातून येजा करत नाही. त्यानंतरच आम्ही जिना मोजला. गरिबांच्या घराला अक्कल कमी लागते, हा समज माझ्यापुरता तिथेच संपला.

1995 मध्ये अरण्यला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये दोशींना प्रित्झकर हा वास्तुकलेतला जागतिक पुरस्कार मिळाला, भारतात पहिलाच, तेव्हा मी सरांना फोन केला. पुरस्काराचं बोलणं पटकन आटोपून ते, मी तेव्हा करत असलेल्या वस्तीतल्या मोऱ्यांबद्दल खोदून खोदून विचारत राहिले.

शाळेला एक विनंती आहे. शनिवारचा तो तास पुन्हा सुरू करा. अरण्यमधली कितीतरी घरं आता मजल्यांवर मजले चढून ओळखू येत नाहीत. मुलांनी ती बघायला हवीत. मी यायला तयार आहे, चुना आणि टेप घेऊन.