तोच आवाज, तीन पातळ्या

बुधवार, रात्री

आज फ्रेंच ऐकण्याच्या सरावात एक बदल करून पाहिला आणि तो इतका लागू पडला की झोपण्याआधी लिहून ठेवतेय. एरवी एक व्हिडिओ बघायचा, त्याखालचे प्रश्न सोडवायचे, गुण बघायचे आणि पुढच्या व्हिडिओकडे वळायचं, असा क्रम असतो. आज एकच बातमी धरून बसले आणि तिच्यावरचे ए२, बी१ आणि बी२ या तिन्ही पातळ्यांचे प्रश्न ओळीने सोडवले. (भाषेच्या या पातळ्या ए१ या सगळ्यात सोप्या पायरीपासून चढत जातात.)

टीव्ही५मोंद या फ्रेंच भाषेतल्या टीव्ही वाहिनीच्या फ्रेंच शिकवणाऱ्या साइटवर ही सोय आहे. ए१ पासून बी२ पर्यंत आपल्याला झेपेल ती पातळी निवडायची, आणि काही बातम्यांवर तर एकाहून जास्त पातळ्यांचे सराव असतात. बातमी बदलत नाही, बोलणाऱ्यांचा वेग बदलत नाही, बदलतात ते प्रश्न. आजची बातमी रात्रीच्या रेल्वेगाड्यांची होती. पॅरिसहून नीसला जाणारी रात्रीची गाडी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्या धर्तीवरची. ए२ ला विचारलं होतं की कोण कोण बोलतंय आणि प्लॅटफॉर्मवर काय काय दिसतंय. बी१ ला चूक की बरोबर. बी२ ला मात्र एका प्रवाशाच्या तोंडची वाक्यं दिलेली, त्यातले गाळलेले शब्द कानाने भरायचे.

ए२ चे प्रश्न सोडवताना कोण बोलतंय, कुठे आहेत, कशाबद्दल चाललंय याची चौकट पक्की झाली. त्यामुळे बी२ पर्यंत पोचले तेव्हा अर्थ शोधण्यात डोकं अडकलं नाही, सगळं लक्ष आवाजावर राहिलं. खालची पातळी घेणं म्हणजे मागे जाणं, असं शाळेपासून आपल्या मनावर बिंबलंय. ऐकण्याच्या बाबतीत तरी ते खरं नाही, हे मला आता ठामपणे वाटतं.

पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारे पुष्कळ. विषय गुणांचा म्हणून घेतलेला असतो. क्रियापदांची रूपं तोंडपाठ, उतारा वाचून उत्तरं लिहिता येतात, पण कानावर फ्रेंच पडलेलंच नसतं. मी त्याच वाटेने आले. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या ऑफिसबरोबर कॉल असतो तेव्हा समोरचा माणूस मेलमध्ये लिहितो तीच वाक्यं बोलतो, आणि ती वेगळीच भाषा वाटते. कारण साधं आहे. पुस्तकातलं ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) बोलताना ‘शेपा’ होतं, ‘इल इ आ’चं (अमुक आहे) नुसतं ‘या’ उरतं, ‘त्यू आ’चं (तुझ्याकडे आहे) ‘ता’. शब्द एकमेकांना चिकटतात आणि मधली अक्षरं गळून जातात. ‘त्यांच्याकडे आहे’ म्हणायचं तर ‘इल्झों’, ‘ते आहेत’ म्हणायचं तर ‘इल्सों’. सगळा फरक एका झ आणि स चा, तोही वाक्याच्या ओघात डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात निघून जाणारा.

म्हणून वेग ०.७५ वर आणून ऐकण्याचा सल्ला मला पटत नाही. ‘शेपा’ सावकाश ऐकलं तरी ते ‘शेपा’च राहतं, गळालेली अक्षरं परत येत नाहीत. सावकाश ऐकायचंच असेल तर जे मुळातच सावकाश बोललेलं आहे ते ऐकावं. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र आहे, साधारण दहा मिनिटांचं. निवेदक स्पष्ट बोलतात, अवघड संदर्भ तिथल्या तिथे उलगडून सांगतात आणि बोललेला मजकूर लेखी मिळतो. मी आधी नुसतं ऐकते, मग मजकूर समोर घेऊन ऐकते आणि शेवटी मजकूर बाजूला ठेवून पुन्हा एकदा.

आकड्यांचं मात्र वेगळं आहे. ए१ च्या सरावात फोन नंबर ऐकून लिहायचा असतो. फ्रान्समध्ये नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. ‘सोआसांत-सेझ’ म्हणजे साठ आणि सोळा, अर्थात ७६. ‘सोआसांत’ कानावर पडताच हात ६ लिहून मोकळा होतो आणि मग ‘सेझ’ येतं. ‘कात्र-व्हँ-सेझ’ तर आणखी पुढचं: आधी चार, मग वीस, दोन्ही मिळून ऐंशी, त्यावर सोळा, म्हणजे ९६. तोवर पुढची जोडी सुरू झालेली असते. आज लक्षात आलं की मराठीतही आपण ‘शहात्तर’ म्हणतो तेव्हा सहा आधी ऐकू येतो आणि लिहिताना नंतर येतो, पण कुणीही अडखळत नाही, कारण कान त्याची फोड करतच नाही. ‘शहात्तर’ अख्खं ऐकू येतं. ‘सोआसांत-सेझ’ तसंच अख्खं ऐकू यायला हवं. मी वही घेऊन ७० ते ९९ एवढेच आकडे उलटसुलट क्रमाने ऐकत बसले. जोडी पूर्ण होईपर्यंत पेन कागदाला लावायचं नाही, एवढा एकच नियम. शेवटी शेवटी पेन आपोआप थांबू लागलं. बी२ ची तयारी करणाऱ्याने ए१ चा सराव करावा, तो यासाठी!

परीक्षेचं गणितही डोक्यात आहेच. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत बी२ पातळीला १०० पैकी २५ गुण ऐकण्याला आहेत. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात निदान ५ हवेतच. काही ध्वनिमुद्रणं दोनदा ऐकवतात, काही एकदाच. टीसीएफ या दुसऱ्या फ्रेंच चाचणीच्या कॅनडासाठीच्या प्रकारात तर ३९ प्रश्न ३५ मिनिटांत, सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारे आणि सगळं एकदाच ऐकायचं. घरी सराव करताना मागे जाऊन ऐकण्याचं बटण हाताशी असतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना मी बोट त्यावर ठेवत नाही. उत्तर देऊन झालं की मग हवं तितकं मागे जाते.

आणखी एक गोष्ट या प्रश्नमंजूषांनीच शिकवली. वरच्या पातळीवर जो शब्द स्पष्ट ऐकू आला तोच शब्द असलेला पर्याय बरेचदा चुकीचा असतो, बरोबर उत्तर वेगळ्या शब्दांत मांडलेलं असतं. म्हणून ओळखीचा शब्द कानावर पडला की त्याच्या आजूबाजूला ‘पा’ (नाही) किंवा ‘प्ल्यू’ (आता नाही) आलं का, ते आधी बघायचं. त्यांच्या जोडीला पुढे येणारा ‘न’ तर बोलण्यात गळूनच जातो, नकाराचा सगळा भार मागच्या त्या एका अक्षरावर.

उद्या सकाळी बेल्जियमची एखादी बातमी घेणार आहे. आधी ए२, मग सरळ बी२, मधली पातळी गाळून काय होतं ते बघायचंय. तिथले लोक ७० ला ‘सेप्तांत’ म्हणतात आणि ९० ला ‘नोनांत’, म्हणजे आज पेनाला लावलेल्या थांबण्याच्या सवयीची त्या आकड्यांना गरज पडणार नाही.