नळी आहे ना आजोबा

कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला पेशंट "लघवीला जायचंय" म्हणाला की आम्हा ब्रदर-सिस्टरच्या तोंडून आपोआप निघतं, "नळी आहे ना, त्यातूनच होतेय." बऱ्याचदा ते खरंही असतं, नळी निसटू नये म्हणून ब्लॅडरमधे फुगवलेला फुगा टोचत राहतो म्हणून तसं वाटतं.

आजोबा ८२ वर्षांचे, लालबागचे, जुने गिरणी कामगार. कॅथेटर आदल्या रात्री मीच टाकलेला. १६ नंबर फोली (नंबराला तीनने भागा, मिलिमीटरमधे जाडी येते), फुग्यात १० सीसी डिस्टिल्ड वॉटर, सलाईन नाही, त्याचे खडे धरले की काढताना फुगा रिकामाच होत नाही. आणि नळी घातल्यावर कातडी परत पुढे ओढायची, हे निम्मे नवीन लोक विसरतात, मी नाही. या कामात माझा हात चांगला आहे असं सगळेच म्हणतात.

दुसऱ्या रात्री ड्युटीवर आलो तर आजोबा नुसते तडफडत होते, उठत होते, नळी ओढत होते. "बाळा लागलीय रे, सोड मला." मी तेच वाक्य म्हणालो, चार वेळा तरी. डॉक्टरला फोन केला, ते झोपेतच म्हणाले म्हातारपणाचं आहे, हॅलोपेरिडॉल दे, म्हणजे शांत करायचं इंजेक्शन. दिलं. गॉजपट्टीने दोन्ही हात रेलिंगला बांधले. चार्टवर संध्याकाळचं युरिन २०० लिहिलेलं होतं, म्हटलं ठीक आहे.

एक वाजता बॅग रिकामी करायला वाकलो तर बॅगेत जेमतेम ५० एमएल. पोटावर हात ठेवला, बेंबीपर्यंत टणक. चादर काढली तर मांडीखाली नळीवरची पांढरी क्लिप बंद! दुपारी सोनोग्राफीला ब्लॅडर भरायला लावलेली, ती कोणी उघडलीच नाही, ना सोनोग्राफीवाल्याने, ना वॉर्डबॉयने, आणि संध्याकाळच्या सिस्टरने कर्जत लोकल पकडायच्या घाईत २०० कुठून आणले तिलाच माहीत. पण ड्युटी घेताना चादर वर करून बघणं माझं काम होतं, तेही खरंच.

क्लिप उघडली. ११०० एमएल आलं. अर्ध्यातच आजोबांचा चेहरा सैल पडला आणि ते घोरायला लागले. इंजेक्शनमुळे का सुटल्यामुळे, कोण जाणे. मग मी पट्ट्या सोडल्या.

सकाळी मुलाने मनगटावरचे वळ बघून विचारलं, ब्रदर हे काय? मी म्हणालो, सलाईनची चिकटपट्टी होती.