घाटात सुटलेली सीट

सीट हलते म्हणून गाडी गॅरेजला आणणारा माणूस विरळाच. सीट म्हणजे कव्हरवाल्याचं काम, असाच सगळ्यांचा समज. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये ती जुनी मार्क टू ॲम्बॅसडर आली तीही टोचन करून, आणि गाडीच्या मालक काकांची हकीकत ऐकून मीच चरकलो. पन्हाळ्याच्या चढावर पुढची सीट उजव्या अंगानं सुटून मागं गेली. पाय ब्रेकपर्यंत पोचेना. स्टेअरिंगला लोंबकळून त्यांनी स्वतःला पुढं ओढलं, तेव्हा कुठं गाडी थांबली. "सत्तरी गाठली, पण असला घाम कधी फुटला नव्हता," म्हणाले.

या गाडीला पुढं सलग बाकासारखी सीट असते, दोन रनरवर, म्हणजे पट्ट्यांवर, पुढं-मागं सरकणारी. पोरानं आणि मी ती उचलून बाहेर ठेवली. मॅट काढला तर खालचा पत्रा बोटानं दाबला तरी चुरत होता. 2019 च्या पुरात गाडी शाहूपुरीत पाण्यात होती. नंतर इंजिन खोललं, वायरिंग बदललं. मॅटखाली मुरलेलं पाणी कुणी बघितलंच नाही.

पण सीट सुटायचं खरं कारण पत्रा नव्हता. रनरच्या मागच्या टोकाखालचा ब्रॅकेट तुटून दोन तुकडे झाले होते. तुटलेली कड उजेडात धरली: करडी, दाणेदार, कुठंही वाकल्याची खूण नाही. पत्र्याचा ब्रॅकेट तुटायच्या आधी वाकतो, कुरकुरतो, काहीतरी सांगतो. तुकडा ग्राइंडरला लावला तर आखूड, लालसर ठिणग्या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड! कुणीतरी मूळ ब्रॅकेटवरून साच्यासाठी पॅटर्न करून तो ओतून घेतला होता. आमच्या गावात फाउंड्री हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पार्ट मिळाला नाही की ओतून घ्यायची सवयच लागलीय. मशीनच्या बेडला बीडासारखं दुसरं काही नाही, वजन झेलतं, कंपनं जिरवतं. ओढ आणि हिसका मात्र त्याला सोसत नाही.

"वेल्डिंग मारा की, संध्याकाळी नेतो," काका म्हणाले. बीडात कार्बन दोन ते चार टक्के. साधा रॉड मारला की वेल्डिंगच्या कडेचा भाग थंड होताना काचेगत कडक होतो आणि तिथंच तडकतो. मी नाही म्हणालो.

बोल्ट काढताना आणखी एक करामत सापडली. मूळ नट 5/16 इंचाचे, बारीक आट्यांचे, इंचाला 24 आटे. त्यात कुणीतरी आठ एमएमचा बोल्ट रेटला होता. 5/16 म्हणजे 7.94 मिलिमीटर, त्यामुळं बोल्ट तोंडाशी धरतो. पण त्याच्या आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर, म्हणजे इंचाला जेमतेम वीस. दोन-तीन आट्यांत जाम होतो आणि पाना मारणाऱ्याला वाटतं, झकास आवळला! दोन नटांचे आटे असेच गेले होते. तिसरा नट गंजून पत्र्यापासून सुटलेला, बोल्टबरोबर गरागरा फिरत होता.

बॅटरी सोडली, खालून जाणारी पेट्रोलची पाइप बाजूला घेतली. ही दोन कामं केल्याशिवाय मी फ्लोअरला वेल्डिंगची टॉर्च लावू देत नाही. कुजका पत्रा कापून नवा बसवला, नटांच्या जागी खालून तीन एमएमची पट्टी जोडली. एकट्या पातळ पत्र्यावर नट ठेवला तर हिसक्यानं तो पत्रा फाडून वर येतो. पट्टीनं ताण पसरतो. नवे नट पट्टीलाच वेल्ड केले, 5/16 चेच, आणि बोल्ट हातानं शेवटपर्यंत गेल्यावरच पाना लावला. ब्रॅकेट एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची प्लेट वाकवून केला.

डाव्या बाजूचा ब्रॅकेटही बीडाचाच निघाला, पण धड होता. "तो राहू दे, तिकडं आमची मंडळी बसते, ती हलकी आहे," काका म्हणाले. काकू तेव्हा शेडच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी काकांकडं असं बघितलं की पुढं मला काही बोलावंच लागलं नाही. तोही बदलला.