भडंगला मुंगसानं तोंड दाखवलं

आमच्या कुत्र्याचं नाव भडंग. राहायला सांगलीत, रंग तिखटतेलात परतल्यासारखा आणि अंगात तोच कुरकुरीतपणा, त्यामुळं दुसरं नाव सुचलंच नाही. वजन सहा किलो. विश्रामबागेतले सगळे त्याला पामेरियन म्हणतात, जनावरांचे डॉक्टर इंडियन स्पिट्झ म्हणतात.

परसात त्याचा दिवसभर कारभार चालतो. शेवग्यावरच्या खारीसाठी बारीक, न थांबणारं भुंकणं. सरड्यासाठी नुसता फुसकारा. भारद्वाज कुंपणावर उतरला की सासूबाई हात जोडतात आणि हा त्यांच्या पायांतून सुसाट सुटतो. शुभशकुन अर्धा मिनिटही टिकत नाही. मुंगसासाठी मात्र आवाजच नाही. पुढचा उजवा पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक जाळीला टेकलेलं. अंग इतकं थरथरायचं की जाळीच्या दाराची कडी आपोआप किणकिणायची. मुंगूस शेजारच्या मोकळ्या प्लॉटातल्या विटांच्या ढिगातून रोज चारच्या सुमारास निघायचं, आणि आमची कडी वाजली की चहाची वेळ झाली असं आम्ही समजायचो.

जुलैतल्या एका शनिवारी ते दार नुसतं लोटलेलं राहिलं. लोटलं मीच होतं. भडंग बाणासारखा गेला, कढीपत्त्याच्या मागं एक गुरगुर, एक किंकाळी, आणि हा माझ्या पायाशी परत. वरच्या ओठावर दोन बारीक भोकं, नाकावर ओरखडा. रक्त म्हणाल तर चमचाभरही नाही. मला वाटलं, निभावलं.

तरी फोन केला. डॉक्टर म्हणाले, आधी नळाखाली धरा, साबण लावून १५ मिनिटं धुवा, मग घेऊन या. १५ मिनिटं म्हणजे किती, हे धडपडणारं कुत्रं नळाखाली धरल्याशिवाय कळत नाही. त्या झटापटीत त्याची नखं माझ्या मनगटावर ओढली गेली. सासूबाई हळदीचा डबा घेऊन उभ्याच. "आगं, चेप की त्यात चिमूटभर!" हळदीच्या पेठेच्या गावात राहून जखमेला हळद लावायची नाही हे त्यांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. पण अशा चाव्यावर हळद, चुना, तिखट काहीच लावायचं नसतं, जखम उघडीच ठेवायची.

दवाखान्यात कळलं ते असं. खार किंवा उंदीर चावला तर सहसा रेबीजची लस लागत नाही, मुंगसाचं तसं नाही. ते रेबीज पसरवू शकतं. कुत्रं-मांजर चावलं तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येतं, विटांच्या ढिगातल्या मुंगसावर कोण ठेवणार? मग त्यांनी भडंगचं लसीकरण कार्ड मागितलं. वर्षाचा डोस मे महिन्यात होता. मेमध्ये घरात दोन लग्नं होती, एवढंच माझ्याकडं उत्तर. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त नव्या कार्डावर पाच तारखा लिहिल्या: ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस.

माझं मनगट बघून म्हणाले, "मॅडम, मुंगसाची लाळ याच्या तोंडावर होती. तुम्ही आजच माणसांच्या डॉक्टरांकडं जा." सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसानं विचारलं, काय चावलं? म्हटलं, चावलं काही नाही, मुंगूस कुत्र्याला चावलं आणि कुत्र्यानं मला ओरबाडलं. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा पेपरकडं बघितलं आणि 'कुत्रा' असं लिहून मोकळा झाला. दोन्ही दंडांत कातडीतच टोचलेल्या दोन बारीक सुया, चार फेऱ्या: ०, ३, ७, २८. पैसे लागले नाहीत. आठवडाभर जो तो एकच विचारत होता, "पोटात चौदा का?" ती जुनी लस, तिचं उत्पादन आपल्याकडं २००४ च्या अखेरीसच थांबलं. पण धसका काही जात नाही.

तारखांत मी घोळ घातला. पहिलं इंजेक्शन म्हणजे पहिला दिवस असं धरून कालनिर्णयवर सोमवारला गोल केला. कंपाउंडरनं फोनवर समजावलं, पहिलं म्हणजे शून्य, तुमचा तिसरा दिवस मंगळवार. चौदाव्या दिवशी धो धो पाऊस. जनावरांचा दवाखाना गावभागाच्या उताराला, आणि सांगलीत अशा वेळी सगळ्यांचा प्रश्न एकच: कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं बघितलंय, त्यामुळं पाणी ४० च्या बरंच खाली असूनही मी सकाळी सातलाच भडंगला टॉवेलात गुंडाळून रिक्षात बसले. दवाखाना दहाला उघडला.

रात्री मात्र झोप लागायची नाही. पाणी पितो ना, गिळतो ना, उगाच चिडत नाही ना, हे बघायला मी तीनदा उठायची. तो आपला पंख्याखाली पाय ताणून घोरत असायचा.

एका शेजाऱ्यानं पिंजरा लावायचं सुचवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मुंगूस पकडणं गुन्हा आहे, आणि तसंही त्याच्या घरात घुसलो आम्ही होतो, ते नाही. दाराला स्प्रिंग बसवली. दोनशे रुपयांत झालं, दोन वर्षं राहिलेलं काम.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्हा दोघांची शेवटची सुई एकाच दिवशी. दुपारी घरी आलो, मी चहा ठेवला, तर कडी किणकिणली. तोच पाय वर, तेच नाक जाळीला. पलीकडं मुंगूस विटांवर दोन पायांवर उभं राहून आमच्याकडंच बघत होतं. कुंपणापलीकडून शेजारचा छोटा ओरडला, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ!"

म्हटलं, नको रे बाबा, बघून झालंय.