कणीक न तिंबता

आपण त्याला 'खाण्याचा सोडा' म्हणतो. घरात धुण्याचाही सोडा असायचा, आणि एकाच्या जागी दुसरा पडू नये एवढीच त्या नावामागची काळजी. आयर्लंडमधल्या किराणा दुकानात मात्र हीच पांढरी पूड 'ब्रेड सोडा' या नावाने मिळते. दुपारी चहाचं आधण ठेवून फडताळातले डबे वाचत उभं राहण्याची सवय असेल, तर या दोन शब्दांपाशी थबकायला होतं. आपल्याकडे सोडा म्हणजे चोरटा मामला. भज्यांच्या पिठात चिमूटभर, छोले शिजेनात म्हणून चिमूटभर, आणि कोणी विचारलंच तर 'छे, सोडा नाही हो घातला'. ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. तिकडे एका अख्ख्या देशाने ताक आणि सोडा दोन्ही उघडपणे एका भांड्यात घातले आणि रोजची भाकरी करून टाकली.

भाकरी म्हटलं ते मुद्दाम. पाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बेकरी येते, आंबवण आणि रात्रभराची वाट पाहणं येतं. जाड्या गव्हाच्या पिठाच्या आयरिश सोडा ब्रेडमध्ये यातलं काहीच नाही. पीठ, मीठ, सोडा, ताक. कालवलं की चुलीवर. दिसायला तो गोव्याच्या पोईच्या नात्यातला वाटेल, तोच कोंडा, तोच खरपूस तपकिरी रंग. पण पोई पूर्वी माडाच्या सुरेवर फुगायची आणि आता यीस्टवर फुगते. सोडा ब्रेडला फुगायला सवड लागत नाही, आणि दिलेली चालतही नाही.

तसं हे प्रकरण फार पुरातन नाही. निकोलास लब्लां या फ्रेंच माणसाने 1791 साली मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या अर्धशतकात तो आणि त्यापासून होणारा खाण्याचा सोडा स्वस्त होत गेला. 1836 साली आयर्लंडच्या उत्तरेतल्या काउंटी डाउनमधल्या न्यूरी या गावच्या वर्तमानपत्रात सोडा आणि आंबट ताक घालून पाव करण्याची कृती छापून आली होती. आयर्लंडची हवा थंड आणि ओली, तिथला गहू मऊ. यीस्टच्या पावाला पिठात ताण हवा. तासन् तास हळूहळू निघणारा वायू धरून ठेवेल अशी जाळी हवी. मऊ गव्हाला ते जमत नाही. सोड्याचा वायू काही मिनिटांत निघतो, त्याला एवढ्या ताणाची गरजच नाही. म्हणजे जो गहू पावाला नापास, तो या भाकरीला पहिला नंबर.

आणि ताक? ते तर घरात असायचंच. कॉर्क शहरात 1770 पासून लोण्याची मोठी पेठ होती, तिथून खारवलेलं लोणी पिंपांत भरून समुद्रापार जायचं. लोणी बाजारात, ताक घरात. दुधाची तहान ताकावर भागवणारी माणसं सगळीकडे सारखीच असणार.

आता मापं. ही भाकरी अंदाजाने करणारे हात आहेत, पण ते रोज करणारे हात आहेत. आपण मापाने करावी. जाडसर कणीक 225 ग्रॅम, मैदा 225 ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा मीठ, एक सपाट चमचा सोडा आणि साधारण 400 मिलिलिटर ताक. 'सपाट' या शब्दावर सगळी मदार. चमचा भरून सुरीच्या पाठीने वरची शीग उडवायची. मग सोडा तळहातावर घेऊन चमच्याने घोळून गुठळ्या मोडायच्या, कारण न मोडलेली गुठळी भाजल्यावर पिवळा-तपकिरी ठिपका होऊन नेमकी पाहुण्याच्या दाताखाली येते.

सोडा जास्त झाला तर काय होतं, ते कळलं की चमचा आपोआप सपाट होतो. ताकातल्या आंबटपणाला जेवढा पुरतो तेवढा सोडा वायू सोडून संपतो. उरलेला भट्टीच्या उष्णतेने बदलतो, आणि तो जे होतो त्याला आपण धुण्याचा सोडा म्हणतो. साबणासारखी चव लागते ती काही उपमा नव्हे. रंगही काळवंडतो. आत सूर्यफुलाच्या बिया घातल्या असतील तर त्या चक्क हिरव्या पडतात. ती बुरशी नसते, सोड्याची पावती असते.

ताक आंबट हवं, आणि दाट हवं. आयर्लंडमध्ये हल्ली दुकानात मिळणारं ताकही घुसळणीतलं नसतं, दुधाला विरजण लावून केलेलं असतं, आपल्या पातळ दह्यासारखं. त्यामुळे जेवणानंतरचं आपलं पाणीदार ताक इथे कामाचं नाही. 300 ग्रॅम आंबट दह्यात 100 मिलिलिटर पाणी घालून रवीने फिरवलं की झालं. त्यात जिरं-मीठ घालायला हात जाईल, तो आवरावा. दही नसेल तर दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवतात. काम भागतं, चव भागत नाही.

हात आवरण्याचा खरा प्रसंग पुढेच आहे. कोरडं सगळं पसरट भांड्यात एकत्र करायचं, मध्ये आळं करायचं, जवळजवळ सगळं ताक एकदम ओतायचं. एका हाताचा पंजा पसरायचा, बोटं ताठ, शेणाने सारवताना असतात तशी मिटलेली नव्हेत, तर फणीसारखी सुटी. मधून सुरुवात करून गोल गोल फिरवत कडेपर्यंत जायचं. सात-आठ फेऱ्यांत पीठ ओलं होतं, बोटांना चिकटतं, ओबडधोबड दिसतं. बस्स. इथेच थांबायचं.

आणि इथेच मराठी हात बंड करतो. पिढ्यान् पिढ्या त्याला शिकवलंय की कणीक जितकी मळावी तितकी पोळी मऊ. भाकरीचं पीठ तळव्याने रगडलं नाही तर थापताना चिरतं. आपल्याकडे तर कणीक तिंबणं हा शब्द मारहाणीलाही चालतो. असा हात तो ओबडधोबड गोळा पाहून शांत कसा बसणार? तो आणखी दोन रगडे देतो, तेलाचा हात लावतो, मग ओलं फडकं टाकून 'जरा मुरू दे' म्हणतो. प्रत्येक रगड्याला भाकरी चिवट होते. आणि मुरू देण्याच्या त्या वीस मिनिटांत सोड्याचा निम्मा दम बाहेर निघून गेलेला असतो. ताक पडल्यापासून पीठ भट्टीत जाईपर्यंत पाच मिनिटं पुष्कळ झाली. म्हणून भट्टी आधी तापवायची, 230 अंशांवर, आणि मगच ताकाला हात लावायचा. हा कालवण्याचा पदार्थ आहे, मळण्याचा नाही; मराठीत दोन वेगळे शब्द आहेत ते काही उगाच नाहीत.

ओट्यावर पीठ भुरभुरून गोळा त्यावर उतरवायचा, अलगद गोल करायचा, चार सेंटिमीटर जाडीचा थापायचा. मग सुरीने अधिक चिन्हासारख्या दोन खोल चिरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणतात की त्यातून घरातल्या पऱ्या बाहेर पडतात, नाहीतर भाकरीवर त्यांची वक्रदृष्टी होते. कोणाला त्यात क्रूस दिसतो. शिवाय मध्यभागी, जिथे कच्चं राहण्याची भीती, तिथे आच पोचते, आणि भाजल्यावर चार चतकोर हाताने तुटतात. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, तर आधीच चार तुकडे करून तव्यावर भाजतात. त्यांना फार्ल म्हणतात, म्हणजे मुळात चौथा हिस्साच. चतकोर हा शब्द आपल्याकडे भाकरीलाच चिकटलेला आहे, त्यामुळे फार्लचं वेगळं भाषांतर करण्याची गरज नाही.

पूर्वीच्या आयरिश झोपडीत भट्टी नव्हती. बॅस्टिबल नावाचं तीन पायांचं, सपाट झाकणाचं बिडाचं भांडं असायचं. ते पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विस्तवावर टांगायचं आणि झाकणावर निखारे ठेवायचे. वर-खाली विस्तव ठेवून भानोलं भाजणाऱ्या घरांना हे समजावून सांगायला नको. आजही जाड बुडाचं बिडाचं झाकणवालं भांडं भट्टीत तापवून त्यात भाजलं तर कवच छान येतं. साधी भट्टी असेल तर 230 वर पंधरा मिनिटं, मग 200 वर वीस-पंचवीस. छोट्या ओटीजीत वरची सळई जवळ असते, भाकरी वरून करपते नि आत गिच्च राहते; जाळी खालच्या खाचेत लावावी आणि शेवटी वरून फॉइल झाकावं. झाली का ते पाहायला उलटी करून बुडावर टिचकी मारायची. मडकं घेताना वाजवून बघतो तसा पोकळ आवाज आला की झाली. ठप्प आवाज आला तर उलटीच आणखी पाच मिनिटं आत.

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत एक मोह हमखास असतो: दहा किलोचा चपातीच्या आट्याचा पुडा घरात आहे, मग वेगळी कणीक कशाला? कारण चक्कीत आपला गहू इतका रगडला जातो की त्यातला स्टार्च मोडतो आणि पाणी पीत सुटतो. पोळीला ते वरदान. या भाकरीला शाप. ताक जास्त लागतं आणि आतला भाग खळीसारखा होतो. तिथल्या जाड्या पिठात कोंड्याच्या डोळ्यांना दिसतील अशा पापड्या असतात, त्यांनीच ती भुसभुशीत खरखर येते. ते पीठ मिळत नसेल, म्हणजे पुण्यात किंवा नाशकात, तर आटा आणि मैदा निम्मा-निम्मा घ्यावा, त्यातला मूठभर आटा काढून त्या जागी मूठभर कोंडा घालावा. हा कोंडा आधी अर्धा तास ताकात भिजवला तर आणखी बरं. सोडा मात्र त्या ताकात नाही, सोडा पिठातच.

आणि बेदाणे. अमेरिकेत सेंट पॅट्रिकच्या दिवशी, 17 मार्चला, सोडा ब्रेड म्हणून जे विकतात त्यात साखर, अंडं, लोणी, बेदाणे आणि शहाजिरं असतं. चांगलं लागतं. चहाबरोबर खावं. आयर्लंडमध्येही बेदाणे घालतात, पण तिथे त्याला 'स्पॉटेड डॉग' असं वेगळं नाव देण्याची सभ्यता आहे. शिऱ्याला उपमा म्हणू नये एवढंच म्हणणं आहे.

भाजून निघाली की स्वच्छ फडक्यात गुंडाळायची, म्हणजे कवच मऊ राहतं. कडक हवं तर जाळीवर उघडी. ही एका दिवसाची भाकरी आहे, दुसऱ्या दिवशी टोस्ट, तिसऱ्या दिवशी कावळे. आणि कितीही घाई असली तरी गरम असताना कापू नये, कारण आतली वाफ अजून बसायची असते, सुरीखाली सगळं चिकट होतं, चकती होण्याऐवजी गोळा येतो. निदान तासभर थांबावं.

थांबत कोणी नाही. चिकट लागली तर लोणी जरा जास्त लावावं.