पार्ट टू ला स्टार देतंय कोण?

हॉरर पिक्चरचा दुसरा नाहीतर तिसरा पार्ट आला की आमच्या ग्रुपवर स्टोरी काय, हिरो कोण हे कुणीच विचारत नाही, पहिला मेसेज एकच, "रेटिंग किती हाय बघ रे." मग कोणतरी स्क्रीनशॉट टाकतंय, 5.8, की झालं, दोघं-तिघं तिथंच गळाले, एकाला अचानक खानापूरला काम निघतंय. तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरलं तर बेळगावात पण पिक्चर आता स्वस्त नाही, त्यामुळं आकडा बघूनच ठरवणार हे मला समजतंय. खरं तो आकडा कोण देतंय ते कुणी बघत नाही, माझी कटकट तेवढीच आहे.

आता रॉटन टोमॅटोजचं घ्या, समीक्षकांची मतं गोळा करणारी वेबसाइट. तिथं 90% दिसलं की लोकांना वाटतं पिक्चरला शंभरपैकी नव्वद मार्क पडले. तसं नाही ओ. शंभर समीक्षकांतले नव्वद जण "बरा आहे"च्या बाजूला गेले, बस. सगळ्यांनी तोंड वाकडं करून "चालतंय की" म्हटलं तरी ते 100% दाखवणार. 60 आणि वर असेल तर लाल टोमॅटो, खाली गेलं की हिरवा डाग. आयएमडीबी या दुसऱ्या वेबसाइटचं गणित वेगळं, तिथं तुमच्या आमच्यासारखे लोक 1 ते 10 देतात, पण ती सरळ बेरीज-भागाकार नसते, कुठल्या मताला किती वजन हे ते ठरवतात आणि कसं ठरवतात ते सांगत नाहीत. बरोबरच आहे, सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला चकवायला बसतील. 2019 मध्ये कॅप्टन मार्व्हल हा सुपरहिरोचा पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच लोक त्याला शिव्या घालायला बसले होते, त्यानंतर रॉटन टोमॅटोजनं रिलीजआधीच्या कमेंट बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खात्री असलेल्या प्रेक्षकांचे स्टार वेगळे मोजायला चालू केलं.

हॉररला तर आणखी एक भानगड. अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून प्रकार आहे, पहिल्या दिवशी थेटरात आलेल्या लोकांकडून कार्ड भरून घेतात आणि ए प्लस ते एफ अशी ग्रेड देतात. 2018 चा हेरेडिटरी, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला, तिथं त्याला डी प्लस मिळाली. माणूस हादरून, मळमळून बाहेर येतो, त्या मूडमध्ये हातात पेन दिलं तर तो काय ए लिहिणार? म्हणजे पिक्चरनं आपलं काम चोख केलं म्हणूनच मार्क कापले. उलट काँजुरिंगला 2013 मध्ये ए मायनस मिळाली होती, हॉररमध्ये असं क्वचित होतंय.

आणि सीक्वेलला मत देणारी माणसं पहिल्या पार्टची नसतातच. पहिला पार्ट सगळं गाव बघतंय. पाचव्याला कोण जातंय? ज्याला चौथा आवडलाय तो, आणि ज्याला शिव्या द्यायच्यात तो. मधले घरी. सॉ मालिका बघा, 2004 चा पहिला रॉटन टोमॅटोजवर हिरव्यातच गेला आणि 2023 चा दहावा मालिकेतला पहिला लाल टोमॅटो घेऊन आला! दहावा भारी असेल, नाही म्हणत नाही, पण तोपर्यंत ज्यांना तो रक्ताचा खेळ झेपत नाही ते कधीच उठून गेलेले असतात की. हॅलोविनचा तिसरा पार्ट उलटा फसला, 1982 मध्ये त्यांनी मुखवट्यातला खुनी मायकल मायर्सच काढून टाकला आणि पूर्ण वेगळी गोष्ट केली. लोक भडकले. आता तोच पिक्चर कितीतरी हॉररवाल्यांचा लाडका आहे. पिक्चर तोच, बघायला येणारा बदलला.

आमच्या भागात हे जास्तच कळतंय कारण आम्ही एकच भूत दोन-तीन भाषांत बघतो. 1993 चा मल्याळम मणिचित्रताळु, त्यावरून 2004 ला कन्नडमध्ये आप्तमित्र, 2005 ला तमिळ चंद्रमुखी, 2007 ला हिंदी भूलभुलैया. मूळ गोष्टीत भूत नाहीच, बाईच्या मनाचा आजार आहे, मजा तीच. पुढचे पार्ट मात्र प्रत्येकानं आपापल्या वाटेनं नेले. कन्नडमध्ये 2010 ला आप्तरक्षक आला, आप्तमित्रमधल्या नागवल्लीचीच गोष्ट पुढं, आणि तो विष्णुवर्धन यांचा शेवटचा, ते गेल्यावर रिलीज झालेला. त्याला दहापैकी दहा देणारा माणूस पिक्चरला देतोय की विष्णुदादांना? मला तर दोन्ही चालतंय, पण मग तो आकडा बघून "हा भूलभुलैया 2 पेक्षा किती भारी" असलं मोजमाप लावू नका. 2022 च्या हिंदी भूलभुलैया 2 मध्ये तर हिरो बदलला, डायरेक्टर बदलला आणि भूत चक्क खरं निघालं! पहिल्याचे जुने भक्त यावर चिडणार आणि ज्यांनी पहिला बघितलाच नाही ते हसून खिदळून 4 स्टार देणार, आणि दोघांची सरासरी काढून आम्ही रविवारचं ठरवणार.

झपाटलेला 2 चं पण तेच. 1993 नंतर थेट 2013, तात्या विंचू थ्रीडीमध्ये, खरं लक्ष्या नाही. तो असणार कसा, 2004 मध्येच गेला बिचारा. त्याच्या नसण्याचा एक स्टार कापायचा की नाही ते तुम्हीच ठरवा, मला तरी जमलं नव्हतं.

मी आता आकडा सोडून खाली जातो, मधले 2-3 स्टारवाले रिव्ह्यू वाचतो. 5 वाला "ब्लॉकबस्टर भावा" लिहून मोकळा, 1 वाला "पैसे वाया", मधलाच माणूस सांगतो की सेकंड हाफ ओढलाय, आवाज उगाच मोठा केलाय, लहान पोरांना नेऊ नका. पहिल्या रात्रीचे तर वाचतच नाही, दोन-तीन दिवस थांबतो. मग आत्तीला फोन. शहापूरच्या माझ्या आत्तीला मराठी, कन्नड, हिंदी कुठलंही भूत चालतंय, आणि तिला रेटिंग सांगायला गेलं की ती मधेच तोडते, "ते ऱ्हाऊ दे रे, ते लांब केसाचं इंटरवलच्या आदी येतंय की नंतर? आदी येत असेल तरच येतो मी, नंतर येत असेल तर तुम्हीच जावा."